पातळ आहे म्हणून द्रावण होत नाही

गोव्यातल्या डिचोलीहून एका आईने विचारलं आहे. मुलगी नववीत, गृहपाठ असा: घरातली दहा द्रावणं लिहा आणि प्रत्येकातलं द्राव्य (जे विरघळतं) व द्रावक (ज्यात ते विरघळतं) सांगा. मुलीने मीठपाणी, साखरेचा पाक, कोरा चहा, दूध, सोलकढी, व्हिनेगर, सोडा, डेटॉल घातलेलं पाणी, हळदीचं दूध आणि फेणी अशी यादी केली आणि द्रावकाच्या रकान्यात दहाही ठिकाणी 'पाणी' लिहून मोकळी झाली. बाईंनी दूध, सोलकढी, डेटॉल, हळदीचं दूध आणि फेणी यांवर फुल्या मारल्या. आईचं म्हणणं, पाणी तर सगळ्यांतच आहे, मग चुकलं कुठे? आणि जिथे दोन्ही पदार्थ पातळच असतात, तिथे द्रावक कोणता हे ठरवायचं कसं?

फेणीचं आधी सांगते, कारण तिथे मुलीचं काहीच चुकलेलं नाही. फेणी, म्हणजे आमच्याकडची दारू, हे चोख द्रावण आहे. बाईंची ती फुली रसायनशास्त्राच्या खात्यातली नसावी. बाकीच्या चार फुल्या मात्र बरोबर आहेत.

अकरावी-बारावीच्या मुलांकडून मी बरीच वर्षं प्रात्यक्षिकं करून घेते आहे. तिथेही हेच दिसतं. मुलं द्राव्य-द्रावकाच्या दोन रकान्यांवर तुटून पडतात, पण त्याआधीचा प्रश्न कोणी विचारत नाही: इथे मुळात काही विरघळलं आहे का? मीठ पाण्यात पडलं की त्याचे सोडियम आणि क्लोराइड आयन (विद्युतभार असलेले कण) सुटे होतात आणि प्रत्येकाभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं जमतं. साखरेचे आयन होत नाहीत, पण रेणू एकेकटे सुटतात. हे कण एक नॅनोमीटरच्या आतबाहेर. गाळणीतून निघून जातात, रात्रभर ठेवले तरी तळाला बसत नाहीत, उजेडाला अडवत नाहीत. या तिन्ही गोष्टी जुळल्या तर द्रावण. नाहीतर ते नुसतं मिश्रण, मग त्यात कितीही पाणी असो.

उजेडाची परीक्षा घरी करून बघण्यासारखी आहे. रात्री स्वयंपाकघरातला दिवा घालवा. दोन सारखे काचेचे पेले पाण्याने भरा. एकात चमचाभर मीठ विरघळवा, दुसऱ्यात दुधाचे दोन-तीन थेंब टाकून ढवळा. मोबाइलच्या टॉर्चवर काळा कागद लावून त्याला पेन्सिलीच्या टोकाने भोक पाडा आणि तो बारीक झोत पेल्याच्या बाजूने आत सोडा. मिठाच्या पेल्यात झोत दिसणार नाही, पलीकडच्या भिंतीवर फक्त ठिपका पडेल. दुधाच्या पेल्यात मात्र इकडून तिकडे निळसर पट्टा उभा राहील आणि समोरून टॉर्चकडे बघितलं तर तोच उजेड पिवळट-तांबूस दिसेल. एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडल यांनी याचा अभ्यास केला, म्हणून याला टिंडल परिणाम म्हणतात. एक व्यावहारिक सूचना: काही पाकीटबंद मिठांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून सिलिकासारखी न विरघळणारी पूड घातलेली असते. तिच्यामुळे मीठपाणीही थोडं धुरकट दिसतं आणि मुलं गोंधळतात. पाणी आधी तासभर निवळू द्या आणि वरचंच घ्या.

आता दूध. त्यात पाणी आहे, त्यात विरघळलेली लॅक्टोज साखर आहे, क्षार आहेत. तेवढा भाग खरोखरच द्रावण. पण पांढरा रंग येतो तो चरबीच्या थेंबांमुळे आणि केसिन या प्रथिनाच्या पुंजक्यांमुळे, आणि हे दोन्ही विरघळलेले नसतात, तरंगत असतात. दूध नासवून पनीर काढलं की हे दोन्ही वेगळे होतात आणि हिरवट-पिवळं पाणी उरतं. ती लॅक्टोज आणि क्षार त्या पाण्यात राहतात. हिरवट छटा असते ती रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाची. म्हणजे 'दूध हे द्रावण आहे का' याचं प्रामाणिक उत्तर 'अर्धवट' असं आहे, आणि गृहपाठाच्या रकान्यात अर्धवट बसत नाही.

सोलकढीचंही तेच. आमसुलं पाण्यात भिजवून चोळून गाळली की मिळणारं लाल पाणी हे द्रावण: द्रावक पाणी, द्राव्य म्हणजे कोकमातली आम्लं आणि त्याचा लाल रंग. त्यात नारळाचा रस पडला की खेळ बदलला. नारळाचा रस म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे थेंब, ज्यांना नारळातली प्रथिनं धरून ठेवतात. कढी तासभर तशीच ठेवली तर वर दाट थर येतो, उकळली तर आम्ल आणि उष्णता मिळून प्रथिनांची पकड सुटते आणि ती फुटते. कुठलंही खरं द्रावण ठेवल्या जागी असं दोन थरांत वेगळं होत नाही. मुलीने 'सोलकढी' खोडून 'आमसुलाचं पाणी' लिहिलं तर पूर्ण गुण मिळायला हवेत.

डेटॉलची गंमत याच्या उलट आहे. बाटलीत ते पारदर्शक, सोनेरी. पाण्यात झाकणभर ओतलं की क्षणात दुधासारखं पांढरं. पाण्यात घातल्यावर द्रावण 'जास्त विरळ' व्हायला हवं, इथे ते मोडतं. बाटलीत क्लोरोझायलेनॉल हे जंतुनाशक ४.८ टक्के असतं, शिवाय पाइनचं तेल. ही दोन्ही पाण्याला न जुमानणारी. त्यांना तिथे अल्कोहोल आणि साबणाच्या जोरावर एकत्र राखलेलं असतं. बादलीत पडलं की अल्कोहोल विरळ होतं, तेल बाहेर पडतं आणि त्याचे बारीक थेंब उजेड विखरतात. बाईंची फुली योग्य, पण नववीच्या मुलीला हे कोणी सांगितल्याशिवाय कळणारही नाही.

हळदीच्या दुधापाशी जरा थांबते, कारण आईच्या प्रश्नातली खरी अडचण तिथे उघडी पडते. पेल्याच्या तळाला पिवळा गाळ राहतो, तो सगळ्यांनी पाहिलेला आहे. हळदीचा पिवळा रंग म्हणजे कुर्क्युमिन, आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. दुधातल्या चरबीत थोडं उतरतं, बाकीची हळद नुसती तरंगते आणि मग बसते. तीच हळद गरम तेलात घाला, तेल लगेच पिवळं होतं. इथे द्रावक तेल आहे. घरात पाण्याशिवाय आणखी दोन द्रावक रोज वापरात असतात, तेल आणि अल्कोहोल, आणि 'द्रावक: पाणी' असं दहा वेळा लिहिणाऱ्या मुलीला नेमके हेच दोन सुचलेले नाहीत.

पाण्याचा रेणू ध्रुवीय असतो, म्हणजे त्याच्या एका बाजूला किंचित ऋण भार आणि दुसऱ्या बाजूला किंचित धन. मीठ, साखर, आम्लं यांच्याशी त्याचं जमतं. तेलाच्या लांब साखळ्यांवर असा भार जवळपास नसतो, म्हणून तेलाचं जमतं ते त्याच्यासारख्याच अध्रुवीय पदार्थांशी: हळदीचा रंग, मिरचीचा तांबडा रंग, मिरचीचा तिखटपणा, हिंगाचा आणि मोहरीचा वास. फोडणी म्हणजे याच पदार्थांना तेलात उतरवणं. बांगड्याच्या हुमणावर (खोबरं घातलेल्या कालवणावर) जो लाल तवंग येतो, तो मिरचीचा रंग खोबऱ्याच्या तेलात विरघळून वर आलेला असतो. खालचा रस्सा त्या मानाने फिका. तिखट लागल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही तो याचमुळे. मिरचीतला तिखट पदार्थ, कॅप्सायसिन, पाण्यात विरघळत नाही, पाणी ते फक्त तोंडभर फिरवतं. जेवणाच्या शेवटी सोलकढी घेतली की तिच्यातलं नारळाचं तेल ते उचलतं.

आमच्याकडच्या बायकांना हे शास्त्र कुणी शिकवलेलं नाही, पण फणस कापायला बसताना विळीला आणि हाताला आधी खोबरेल लावतात. फणसाचा चीक पाण्याने धुवायला जाल तर आणखी चिकटेल, तेलाने सुटतो. ओले काजूगर सोलतानाही तसंच. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, ते पाण्याने जात नाही, म्हणून आधीच बोटांना तेल चोळून घेतात. या दोन उदाहरणांवर मी वर्गात जितका वेळ घालवते तितका मीठपाण्यावर कधीच घालवत नाही.

अल्कोहोलच्या रेणूचं एक टोक पाण्यासारखं, दुसरं तेलासारखं. त्यामुळे दोन्हीकडच्यांशी त्याचं जुळतं. आयोडीन एक लिटर पाण्यात कसंबसं ०.३ ग्रॅम विरघळतं, अल्कोहोलमध्ये सहज. म्हणून टिंचर आयोडीन अल्कोहोलमध्ये करतात. अत्तर-सेंटच्या स्प्रेमध्ये द्रावक तेच.

इथे दुसरा प्रश्न येतो: दोन्ही पातळ असतील तर द्रावक कोणता? तेव्हा मोजमाप बघायचं. जे जास्त ते द्रावक. काजूच्या फेणीत अल्कोहोल आकारमानाने साधारण ४२-४३ टक्के, म्हणून द्रावक पाणी. हुर्राकात (काजूच्याच सौम्य दारूत) अल्कोहोल त्याहून कमी, तिथेही पाणीच. हात चोळायच्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल ७० टक्के किंवा जास्त, तिथे उलट: द्रावक अल्कोहोल, द्राव्य पाणी. तेच दोन पदार्थ, नुसत्या प्रमाणावर नावं बदलली. प्रयोगशाळेत मी एक गोष्ट दाखवते: ५० मिलिलिटर अल्कोहोल आणि ५० मिलिलिटर पाणी एकत्र केलं की १०० भरत नाही, ९६-९७ च्या आसपास भरतं. वजनाला काही कमी होत नाही, रेणू एकमेकांच्या जास्त जवळ येतात एवढंच. मुलांना वाटतं बाईंनी थोडं सांडलं.

मोजमापाचा नियम मात्र पाकाला लावू नका. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी घेतलं तर साखर जास्त, तरीही द्रावक पाणीच. साखर घन, पाणी द्रव, आणि तयार झालेलं द्रावण द्रव. ज्याची अवस्था शेवटी टिकली तो द्रावक. हा नियम आधी बघायचा, आणि दोघांची अवस्था एकच असेल तेव्हाच जास्त-कमीकडे जायचं. व्हिनेगर सोपं आहे: पाण्यात साधारण ४ ते ५ टक्के ॲसिटिक आम्ल. माडाच्या सुरेपासून (माडातून काढलेल्या गोड रसापासून) केलेल्या व्हिनेगरमध्ये आधी सुरेतल्या साखरेचं अल्कोहोल होतं आणि मग जिवाणू त्याचं आम्ल करतात, पण द्रावक पहिल्यापासून शेवटपर्यंत पाणी. सोड्यात द्राव्य वायू आहे, कार्बन डायऑक्साइड. मुलीने तिथे 'साखर' लिहिलं असेल तर साध्या सोड्यात ती नसते. कोऱ्या चहातही द्राव्य म्हणून 'चहापत्ती' लिहू नये. पत्ती गाळणीत राहते, विरघळतात ते तिच्यातले टॅनिन, कॅफिन आणि रंग.

किती विरघळतं, हा भाग शाळेत घाईत उरकतात, आणि मला तोच जास्त आवडतो. १०० ग्रॅम पाण्यात साधारण तापमानाला मीठ जेमतेम ३६ ग्रॅम मावतं. पाणी उकळलं तरी ३९. साखर २० अंशाला २०४ ग्रॅम आणि उकळत्या पाण्यात ४८७. म्हणून मिठाचा 'पाक' होत नाही आणि साखरेचा होतो. गरम पाण्यात मावलेली साखर पाक थंड झाल्यावर जास्तीची ठरते, पण लगेच बाहेर पडत नाही. कढईच्या कडेला साखरेचा एखादा कण राहिला की त्याच्यावर भराभर स्फटिक बसतात आणि चवथीच्या लाडवांचा पाक साखरतो. लिंबाचे चार थेंब टाकतात ते यासाठी. आम्लाने थोड्या साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि ही परकी मंडळी स्फटिक जुळू देत नाहीत. वायूचं वागणं उलटं: पाणी जितकं गार तितका जास्त मावतो, म्हणून कोमट सोड्याचं झाकण उघडलं की फसफसून बाहेर. चुनाही उलटा, पण तो घन असून: २० अंशाला लिटरमागे १.७ ग्रॅमच्या आसपास, उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. शिंपल्यांचा चुना पाण्यात कालवून ठेवला की खाली पांढरा चिखल आणि वर नितळ निवळी. एकाच भांड्यात खाली न विरघळलेलं आणि वर खरं द्रावण. निवळीत नळीने फुंकर घाला, दुधाळ होते. निवळी तोंडात ओढू मात्र नका.

मिठाचं जागेवर बघायचं असेल तर गोव्यातल्या आगरवाड्याच्या नाहीतर नेरूलच्या मिठागरात उन्हाळ्यात जावं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार, आणि मीठ जमायला लागण्याआधी जवळजवळ नऊ दशांश पाणी उडावं लागतं. तोवर आधी चुनखडी आणि मग जिप्सम खाली बसून गेलेलं असतं, कारण ते कमी मावतं. मीठ ओढून घेतल्यावर खाली जे पाणी उरतं ते कडवट, त्यात मॅग्नेशियमचे क्षार. ते तिथेच सगळं सुकू दिलं तर मीठही कडू होईल. तरी थोडं मॅग्नेशियम क्लोराइड गावठी जाड्या मिठाला चिकटून येतंच, आणि जूनमध्ये बरणीत मिठाला पाणी सुटतं ते मुख्यतः त्याच्यामुळे. ३३ टक्के आर्द्रतेलाच ते हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळायला लागतं. शुद्ध मीठ ७५ टक्क्यांपर्यंत दम धरतं, पण आपल्याकडे पावसाळ्यात आर्द्रता ८०-९० च्या घरात, तेव्हा त्याचाही इलाज चालत नाही. इथे द्राव्य आपला द्रावक स्वतः हवेतून मिळवतं. कोकमाच्या सालींवर साखरेचे थर घालून बरणी उन्हात ठेवली की पाण्याचा थेंब न घालता सरबताचा रस तयार होतो. साखर सालींतलं पाणी बाहेर ओढते. खारातल्या कैऱ्या आक्रसतात त्यामागेही हेच.

प्रमाण चुकलं तर नुकसान होतं अशी एक गोष्ट प्रत्येक घरात असते: जुलाबावरचं ओआरएस. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५, मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५ आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, एकूण २०.५. हे पाकीट अख्खंच्या अख्खं एका लिटरमध्ये टाकायचं. लिटरचं पाकीट पेल्यात अर्धं टाकून 'जरा घट्ट' करू नये. जास्त तीव्र द्रावण आतड्यातून पाणी आत घेण्याऐवजी बाहेर ओढतं. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात साखरेचे सहा सपाट लहान चमचे आणि मिठाचा अर्धा. आणि न्हाणीघरातलं एक: संडास साफ करायच्या आम्लात साधारण १० टक्के हायड्रोजन क्लोराइड वायू पाण्यात विरघळलेला असतो, ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही आपापल्या बाटलीत ठीक. एकत्र ओतली तर क्लोरीन वायू सुटतो आणि छोट्या बंद खोलीत तो जिवावर बेततो.

वहीतल्या चार जागा रिकाम्या झाल्या, त्या अशा भरता येतील. आमसुलाचं पाणी: द्राव्य आम्लं व रंग, द्रावक पाणी. कापूर घातलेलं खोबरेल: द्राव्य कापूर, द्रावक तेल (बाटली लहान मुलांच्या हाती नको, कापूर पोटात गेला तर विषारी). सॅनिटायझर: द्राव्य पाणी, द्रावक अल्कोहोल. चौथ्या जागी मी पातळ पदार्थ लिहिणारच नाही. देवघरातली पितळी समई म्हणजे तांब्यात विरघळलेलं जस्त, तेही द्रावण, फक्त घन. आणि आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र २२ कॅरेटचं असेल तर तेही: द्राव्य तांबं आणि चांदी, द्रावक सोनं, कारण हजार भागांत ९१६ भाग सोनंच असतं. हॉलमार्कच्या शिक्क्यावरचा ९१६ तो हाच.